थिऑलॉजी? आणि ती कशासाठी?

पन्नाशीला टेकलेल्या एखाद्या बाईनं 'मी एम.ए. करतेय' असं सांगितलं की आपल्याकडे आधी कौतुक होतं. 'वा, या वयात! छान.' मग पुढचा प्रश्न येतो, 'कशात?' मराठीत, मानसशास्त्रात, समाजकार्यात असं उत्तर आलं तर कौतुक टिकून राहतं. पण उत्तर 'थिऑलॉजी' असं आलं तर समोरचा क्षणभर गप्प होतो. आणि मग तिसरा प्रश्न, जो हमखास येतोच, 'आणि ती कशासाठी?'

माझ्या एका मैत्रिणीनं गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता ती उत्तरही ठरलेलं देते, 'पेशंटसाठी.' ऐकणारा आणखीच गोंधळतो. कारण ती नर्स आहे.

मूळची ती नगरची. मिरजेला नर्सिंग शिकली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत भारतातून मोठ्या संख्येनं नर्सेस जायला लागल्या, त्या लाटेत तीही गेली आणि तिथेच राहिली. नवरा, दोन मुलं, घराचे हप्ते, आठवड्याला तीन लांबलचक ड्यूट्या. वॉर्ड वृद्धांचा. आणि या सगळ्यातून वेळ काढून ती तिथल्या एका विद्यापीठात ख्रिस्ती थिऑलॉजीचं एम.ए. करतेय, अर्धवेळ. नाव छापू नकोस म्हणाली म्हणून छापत नाही.

थिऑलॉजीला मराठीत ईश्वरविज्ञान म्हणतात. शब्द जरा जड आहे आणि दिशाभूल करणाराही. कारण यात देवाला प्रयोगशाळेत ठेवून कुणी तपासत नाही. अकराव्या शतकातला विद्वान अॅन्सेल्म यानं थिऑलॉजीची सोपी ओळख करून दिली होती, समजून घेऊ पाहणारी श्रद्धा. म्हणजे श्रद्धा आधीच आहे, पण तिला डोळे मिटून बसायचं नाहीये. तिला प्रश्न आहेत. बायबल कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी? चांगल्या माणसाला यातना का? देव एक आहे तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे गणित कसं? दोन हजार वर्षांत या प्रश्नांवर माणसांनी काय काय विचार केला, कुठे भांडली, कुठे चुकली, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे थिऑलॉजी.

एक नर्स आणि कँटरबरीची गादी

हा अॅन्सेल्म १०९३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. इंग्लंडच्या चर्चमधलं हे सर्वांत मोठं पद. त्याच पदासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांची निवड जाहीर झाली. त्या गादीवर निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री. पण माझ्या मैत्रिणीला जास्त अप्रूप आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. सारा मुलाली मुळात नर्स. १९९९ मध्ये त्या इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी झाल्या, तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्या आतलं. आणि ज्या काळात त्या एवढ्या मोठ्या सरकारी पदावर चढत होत्या, त्याच काळात, १९९८ ते २००१ मध्ये, धर्मसेवेचं शिक्षणही घेत होत्या. नोकरी सांभाळून. २००१ मध्ये दीक्षा झाली, तरी नोकरी २००४ पर्यंत चालूच होती. पुढे २००६ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाच्या हीथ्रॉप कॉलेजातून पास्टोरल थिऑलॉजीमध्ये एम.ए. केलं. पास्टोरल थिऑलॉजी म्हणजे माणसांच्या दुःखात, आजारात, मरणात श्रद्धा नेमकी काय करते याचा अभ्यास. नर्सला याहून जवळचा विषय कुठला?

'बघ, पुस्तक एका हातात आणि बेडपॅन दुसऱ्या हातात, अशी मी एकटीच नाही,' मैत्रीण म्हणते.

हे चित्र वाटतं तितकं जुनंही नाही. इंग्लंडच्या चर्चनं स्त्रियांना पुरोहितपद द्यायचं की नाही यावर मतदान घेतलं ते ११ नोव्हेंबर १९९२ ला. पहिल्या स्त्रियांची दीक्षा १९९४ मध्ये ब्रिस्टलला झाली. पहिली स्त्री बिशप व्हायला २०१५ उजाडलं. त्यात आपला दक्षिण भारत पुढे होता. चर्च ऑफ साउथ इंडियानं ई. पुष्पा ललिता यांना २०१३ मध्येच नंद्यालच्या बिशप केलं होतं. रोमन कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना पुरोहितपद आजही नाही. पण अभ्यास करायला, शिकवायला मुभा आहे. १९७० मध्ये आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन या दोघींना पोपनी 'चर्चच्या आचार्य' ही पदवी दिली. ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्रिया. आज अशा आचार्या चार आहेत.

माझ्या मैत्रिणीला मात्र पाळक व्हायचं नाहीये. तिथल्या सगळ्यांना वाटतं की ही त्याचीच तयारी. ती म्हणते, 'मला उपदेश द्यायचा नाही गं. मला नुसतं कळून घ्यायचंय.'

अठराशे तासांचा हिशेब

आता व्यवहाराचं बोलूया. ब्रिटनमध्ये एम.ए. हे १८० क्रेडिटचं असतं. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचं काम, वर्गातलं आणि घरचं मिळून. म्हणजे एकूण अठराशे तास. पूर्ण वेळ शिकणारे हे एका वर्षात उरकतात. अर्धवेळ शिकणारे दोन किंवा तीन वर्षं घेतात. तीन वर्षांत करायचं तर आठवड्याला जवळजवळ बारा तास होतात, सणवार, आजारपण, मुलांच्या परीक्षा काहीही न वगळता. दोन वर्षांत करायचं तर सतरा तास. 'अर्धवेळ' हा शब्द ऐकायला हलका वाटतो, पण तो विद्यापीठाच्या बाजूनं अर्धा. बाईच्या बाजूनं तो जादाचाच असतो.

मैत्रिणीनं तीन वर्षांचा मार्ग घेतला. सोमवार आणि गुरुवार रात्री, मुलं झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शनिवारी सकाळी लायब्ररी. बसमध्ये वाचन. पैशांचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना २०१६ पासून पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्ज मिळतं आणि ते अर्धवेळ अभ्यासक्रमालाही लागू आहे. नवऱ्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. 'या डिग्रीनं पगार वाढणार का?' नाही वाढणार. 'मग?' त्या 'मग'चं उत्तर तिच्याजवळ तेव्हा नव्हतं. आठवडाभर घरात अबोला होता. शेवटी त्यानंच गुरुवारची भाजी-पोळी आपल्याकडे घेतली. पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात म्हणे, पण होतात.

पहिला निबंध तिनं जीव ओतून लिहिला. विषय होता प्रार्थना. तीन हजार शब्द, आणि मार्क मिळाले ५२. उत्तीर्ण व्हायला ५० लागतात, म्हणजे काठावर. बाईंनी शेरा मारला होता त्याचा मतितार्थ असा की ही साक्ष सुंदर आहे, पण युक्तिवाद कुठे आहे? मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणं' म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. लहानपणापासून तिला तेच येत होतं आणि ते चांगलं येत होतं. विद्यापीठाला दुसरंच हवं होतं. तू असं म्हणतेस, पण ऑगस्टीन काय म्हणतो, त्याला विरोध करणारा काय म्हणतो, आणि तुझं म्हणणं त्यापुढे टिकतं का? हा फरक समजायला तिला एक पूर्ण सत्र लागलं.

'शिकून कोरडी होशील'

खरी कसोटी मात्र मार्कांची नव्हतीच. ती होती दर रविवारच्या फोनवर.

तिचे पप्पा नगरला असतात. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर चर्चच्या कमिटीवर राहिलेले, रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर वाजवणारे. लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी सायकलवरून शिकवण्या केलेल्या. पण हे शिक्षण त्यांना रुचलं नाही. 'पवित्र शास्त्र वाचायचं असतं बाळा, फाडून बघायचं नसतं. जास्त शिकून कोरडी होशील,' ते म्हणाले.

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पहिल्याच वर्षी तिला शिकावं लागलं की उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीच्या निर्मितीची एक नव्हे, दोन वर्णनं आहेत आणि त्यांचा क्रम जुळत नाही. पहिल्या अध्यायात आधी पशू आणि मग स्त्री-पुरुष एकत्र निर्माण होतात. दुसऱ्यात आधी पुरुष, मग पशू आणि शेवटी स्त्री. मोशेची मानली जाणारी पाच पुस्तकं एका हातानं लिहिलेली नाहीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट जुन्यातल्या जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच होतो. तिथे कबरीपाशी गेलेल्या स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. त्यापुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या असाव्यात.

लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेल्या ओव्यांखाली अशी तळटीप निघाली की पायाखालची वाळू सरकल्यासारखं होतं. ती सांगते, त्या हिवाळ्यात दीड-दोन महिने तिला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की डोक्यात हस्तलिखितं यायची. पप्पांना हे सांगायची तिची छाती होत नव्हती.

पण याच अभ्यासानं तिला काही गोष्टी परतही दिल्या. त्यातल्या बऱ्याच बायकांच्या होत्या.

मग्दालिया मरियाचंच घ्या. ती वेश्या होती असं आपण चित्रांतून, सिनेमांतून इतकं ऐकलंय की तेच खरं वाटतं. शुभवर्तमानांत तसं कुठेही म्हटलेलं नाही. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि दुसऱ्या एका अनामिक स्त्रीची सांगड घातली आणि तो डाग चौदाशे वर्षं चिकटून राहिला. बायबलमध्ये ती आहे पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

किंवा फिबी. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तिचं नाव येतं, आणि तिच्यासाठी तो मूळ ग्रीकमध्ये 'डायाकोनॉस' हा शब्द वापरतो. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये फिबीच्या वाट्याला याचं भाषांतर 'सर्व्हंट' असं आलं. तोच शब्द तुखिक या पुरुषासाठी आला तेव्हा भाषांतर झालं 'मिनिस्टर'. शब्द एक, पण बाईला नोकर केलं आणि बाप्याला धर्मसेवक. त्याच अध्यायात युनिया नावाची स्त्री आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली. एक बाई प्रेषित कशी असेल, म्हणून पुढच्या काळात अनेकांनी तिचं नावच पुरुषी करून टाकलं.

हे वाचलं त्या रात्री तिनं मला फोन केला. तिकडे अकरा वाजलेले, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन-चार. 'अगं, भाषांतर कोण करतंय यावर किती काय काय ठरतं!'

पंडिता रमाबाईंची वही

हे वाक्य ऐकून मला रमाबाई आठवल्या. आपल्या मराठी बायकांना हा विषय परका नाहीच मुळी.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेजच्या जोगिणींकडे त्या राहिल्या, तिथेच त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या, शिकवलंही. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत मला पटवून द्या, असं त्या पत्रांतून स्पष्ट विचारत होत्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती सदसद्विवेक सोपवायला त्यांची तयारी नव्हती. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. जिज्ञासूंनी तो जरूर वाचावा. पंचविशीतली एक विधवा, कडेवर मूल, परक्या देशात, आश्रय देणाऱ्यांशीच वाद घालतेय. अर्धवेळ थिऑलॉजीचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा प्रपंच सांभाळत, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. छपाईचं काम आश्रमातल्या मुलींनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर हातातलं काम त्यांनी पुरं करत आणलं होतं.

मैत्रिणीनं हे सगळं पप्पांना फोनवर सांगितलं. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'रमाबाई कोरड्या झाल्या नाहीत खऱ्या.' त्यानंतर फोनवरचा सूर बदलला. आता दर रविवारी दोघं मिळून ईयोबाचं पुस्तक वाचतात. पप्पा मराठीतून, ती इंग्रजीतून, आणि अडलं की हिब्रूच्या कोशातून. पटत नाही तिथे दोघंही भांडतात.

मग, कशासाठी?

ईयोबाचं पुस्तक तिच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे. सज्जन ईयोबाचं सगळं जातं. मुलं, गुरंढोरं, शरीराचं आरोग्य. तिघं मित्र भेटायला येतात. ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. त्यानंतर तोंड उघडतात आणि सगळं बिघडवतात. 'तुझंच काही पाप असेल,' असं नाना परींनी सांगतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

'मी वीस वर्षं वॉर्डात त्या मित्रांसारखं बोलत होते,' मैत्रीण म्हणाली. 'देवाची इच्छा, सगळं चांगल्यासाठीच, धीर धरा. मनापासून बोलायचे. पण ते पेशंटसाठी नव्हतं, माझी घाबरगुंडी लपवायला होतं. आता मी सात दिवसांचा भाग करते. खुर्ची ओढते आणि बसते.'

वॉर्डात एक गुजराती आजी होत्या. स्मृतिभ्रंश. चाळीस वर्षं बोललेलं इंग्रजी पार पुसलं गेलेलं, उरली होती फक्त माहेरची भाषा. रात्री त्या काहीतरी पुटपुटायच्या. बाकीच्या नर्सेसना वाटायचं, त्रास होतोय. हिला कळलं की त्या देवाचं नाव घेतायत. हिचा देव वेगळा, त्यांचा वेगळा. ही नुसती हात धरून बसायची. त्यातूनच तिच्या प्रबंधाचा विषय निघाला, मरणाच्या दारात माणूस देवाशी कोणत्या भाषेत बोलतो? पंधरा हजार शब्दांचा प्रबंध आहे. यंदा द्यायचाय. साक्ष आणि युक्तिवाद, दोन्ही त्यात मावतील अशी तिला आशा आहे.

आपल्याकडे शिकायचं असेल तर

हा विषय शिकायला इंग्लंडलाच जायला हवं असं मुळीच नाही. पुणे हे तर देशातलं थिऑलॉजीचं मोठं केंद्र. नगर रस्त्यावरचं कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आलं. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून आली. प्रोटेस्टंट परंपरेतल्या पदव्या बहुधा सेरामपूर विद्यापीठाच्या असतात. हे बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. कॉलेज १८१८ चं, विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजानं १८२७ मध्ये दिला. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी बंगळुरूची 'टाफ्टी' ही संस्था १९७१ पासून काम करते.

नाव घालण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. अभ्यासक्रम खरोखर अर्धवेळ आहे का, की वसतिगृहात राहण्याची अट आहे? आपल्याकडचे बरेचसे पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण वेळचे असतात. पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि पुढे शिकायचं तर ती चालते का? आधीची पदवी दुसऱ्या विषयातली असली तर आधी एखादा पदविका अभ्यासक्रम करावा लागेल का? ग्रीक किंवा हिब्रू सक्तीचं आहे का? सक्तीचं असेल तर घाबरू नका. ग्रीकची लिपी आठवड्याभरात येते, क्रियापदं मात्र वर्षभर छळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्याचे ते बारा तास नक्की कोणत्या दिवशीचे, हे घरच्यांसमोर बसून कागदावर लिहून घ्या. 'बघू, जमेल तसं' म्हणून कुणाचंही एम.ए. झालेलं नाही.

पगार वाढणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. म्हणजे नवऱ्याशी वाद निम्मा कमी होतो. उरलेला निम्मा पोळ्यांवर भागतो.